पोह्यांची बशी न सांडता मारामारी : वन बीएचकेत ॲक्शन कॉमेडी लघुपट कसा करावा

मुलीच्या घरी बघण्याचा कार्यक्रम चालू आहे, पोहे आलेत, मुलाचा पगार विचारून झालाय आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून एक गुंड आत उतरतोय. एवढ्या एका ओळीवर बारा मिनिटांचा लघुपट सहज उभा राहतो. पण बरेच जण पहिल्या ठोशालाच घसरतात, कारण मारामारी सुरू झाली की पाहुणचार संपतो. मग उरते ती लहान खोलीतली, नवख्यांनी केलेली मारामारी, आणि तिच्यात कुणाला रस असणार? या प्रकारातलं सगळं हसू एकाच अटीवर येतं: घरात काहीही होवो, रीतभात सोडायची नाही. गुंडाला लाटण्याने मारायचं, पण आवाज दिवाणखान्यात जाता कामा नये. होणाऱ्या सासऱ्याला वाचवायचं, पण त्यांच्या अंगावरून ओलांडून जायचं नाही. ही अट संहितेत, हालचालीत, प्रॉपर्टीत (म्हणजे दृश्यात वापरायच्या वस्तूंत), कॅमेऱ्यात आणि आवाजात कशी पाळायची, त्याचा हा कामापुरता तपशील.

हिशोब धरलाय तो असा: १२ मिनिटांचा लघुपट, मुंबईतला एक फ्लॅट, सहा पात्रं, शूटिंगचे ३ दिवस, १२ तासांची शिफ्ट.

कोण कुणापासून लपवतंय

गुपित मुलाकडे असावं की सासरकडे? आमचं मत सासरकडे. मुलगा त्या घरात परका, त्याने वागायचं जपून, त्यामुळे सगळ्यात जास्त अडचण त्याची होते. उदाहरणार्थ, मुलीचे वडील रोज शब्दकोडं सोडवणारे निवृत्त गृहस्थ. पण माळ्यावर एक बॅग आहे आणि ती न्यायला त्यांचे जुने भागीदार नेमके आजच आलेत. मुलाला हे मध्यावर कळतं. मात्र तेवढ्यावर थांबू नका. मुलाला कळल्यावर त्याने आणि सासऱ्याने मिळून तिसऱ्याच माणसापासून लपवलं पाहिजे. तो तिसरा माणूस म्हणजे स्थळ आणणारी आत्या. ती दिवाणखान्यात स्वयंपाकघराकडे पाठ करून बसलीय आणि अखंड बोलतेय. तिने मागे वळून पाहिलं की लग्न मोडलं.

आत्याची नजर हा या चित्रपटाचा खरा खलनायक. गुंड दोन असोत की चार, फरक पडत नाही.

वेळेची वाटणी ढोबळमानाने अशी ठेवा. पहिली अडीच मिनिटं फक्त घर आणि माणसं: दार, चपला, सोफा, माळा, मोरी, स्वयंपाकघराचं दार, आत्याची खुर्ची. पुढे वापरायची प्रत्येक वस्तू इथे साध्या कामात दिसली पाहिजे. लाटणं पोळी लाटताना, स्टूल माळ्यावरचा डबा काढताना. चौथ्या मिनिटाला पहिला फटका, तोही अर्ध्या सेकंदाचा आणि दाराआड. आठव्या ते साडेनवव्या मिनिटात मुख्य मारामारी. उरलेली अडीच मिनिटं निस्तरण्याला. इथे घाई करू नका. उलटा पडलेला गुंड सोफ्यामागे ढकलून त्याच सोफ्यावर बसून ‘मुलाला नाटकाची आवड आहे का हो?’ या प्रश्नाचं उत्तर देण्यात जेवढा हशा आहे, तेवढा दहा ठोशांत नाही.

संवाद लिहिताना मुलगा मुलीच्या वडलांना ‘काका’ म्हणतो की आणखी काही, आई त्याला ‘तुम्ही’ म्हणते की ‘तू’, हे पहिल्या पानावर ठरवून टाका. मारामारीच्या भरात नट ते हमखास बदलतात आणि डबिंगपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

संहिता एक पान एक मिनिट या मापाने लिहिली जाते, पण मारामारीचं पान त्या मापात बसत नाही. ‘दोघे झटापट करतात’ ही एक ओळ पडद्यावर चाळीस सेकंद घेते आणि शूटिंगचा अर्धा दिवस खाते. म्हणून मारामारीची हालचालवार वेगळी संहिता लिहा.

फ्लॅट निवडताना

गिरगावची चाळ दिसायला सुंदर. सामायिक गॅलरी, जिना, समोरासमोर दारं. पण जुन्या लाकडी कठड्याला रेलणं किंवा त्यावर कुणाला ढकलणं अजिबात नको, आणि चाळीत दर तिसऱ्या टेकला कुणीतरी फ्रेममधून डबा घेऊन जातंच. पहिल्यांदा करत असाल तर विलेपार्ले, मुलुंड, बोरिवलीकडचा साधा वन बीएचके बरा. दिवाणखाना निदान १० बाय १५ फूट हवा आणि स्वयंपाकघराचं दार दिवाणखान्यातून सरळ दिसायला हवं. दार कोपऱ्यात वळून असेल तर आत्याची पाठ आणि मागची मारामारी एका फ्रेममध्ये येणार नाही. म्हणजे तुमचा सगळ्यात हमखास विनोद गेला.

बघायला जाल तेव्हा मोजपट्टी न्या. छत साधारण ९ फुटांवर असतं आणि पंख्याची पाती त्याच्या फूटभर खाली. उंच माणसाने खुर्ची डोक्यावर उचलली की ती पंख्याला लागते. मारामारीच्या वेळी पंखा नुसता बटणाने नव्हे, मुख्य बोर्डातल्या एमसीबीवरून (वीज तोडणाऱ्या खटक्यावरून) बंद करा आणि एका माणसाला त्या बोर्डापाशी उभं करा. उकाड्याने कासावीस झालेलं कुणीतरी टेकच्या मधेच बटण दाबतं, हे गृहीत धरा.

फरशीही पाहा. पोहे म्हणजे तेल. तेलाचा हात लागलेली गुळगुळीत टाइल आणि अनवाणी पाय, हे पडण्याचं सगळ्यात मोठं कारण. आपल्याकडे घरात चपला काढूनच येतात, त्यामुळे तुमची सगळी पात्रं अनवाणी लढणार. मोजे घालू देऊ नका, मोज्यावर पाय सटकतो. प्रत्येक टेकनंतर आधी ओल्या आणि मग कोरड्या फडक्याने फरशी पुसायला एक माणूस ठेवा. याच अनवाणीपणातून एक फुकटचा विनोदही मिळतो: गुंडसुद्धा दारात बूट काढून, ते जोडीने नीट लावून मग हल्ला करतात.

शोकेसची काच, टीव्ही, देव्हारा आणि भिंतीवरच्या तसबिरी काढून ठेवा. शोकेसला काच हवीच असेल तर ३ मिलिमीटरचं ॲक्रिलिक कापून बसवा. देव्हारा घरच्यांना विचारल्याशिवाय हलवू नका.

परवानग्या

घरमालकाचा होकार पुरेसा नसतो. सोसायटीच्या सेक्रेटरींना लेखी पत्र द्या. त्यात तारखा, वेळा, माणसांची संख्या, गाड्या किती, जनरेटर आहे की नाही आणि ‘मारामारीचं दृश्य आहे, आरडाओरडा होईल’ हे स्पष्ट लिहा. खालच्या मजल्यावरच्यांना स्वतः भेटून सांगा, कारण धप्प आवाज त्यांच्या छतावर पडतो.

खोटं पिस्तूल शक्यतो वापरूच नका. लाटणं, सांडशी, उलथनं जास्त विनोदी आहेत. वापरलंच, तर स्थानिक पोलीस ठाण्यात आधी लेखी कळवा आणि ते खिडकी-गॅलरीतून बाहेर दिसणार नाही अशी हालचाल ठेवा. समोरच्या इमारतीतल्या माणसाला कॅमेरा दिसत नाही, पिस्तूल दिसतं.

रस्त्यावर, बागेत किंवा चौपाटीवर एखादा शॉट असेल तर राज्य शासनाच्या एक खिडकी योजनेतून अर्ज करावा लागतो. ते काम गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ पाहतं. स्टेशन किंवा फलाट असेल तर पश्चिम किंवा मध्य रेल्वेची वेगळी परवानगी. घरातल्या घरात विषय असताना हा व्याप ओढवून घेऊ नये असं आम्हाला वाटतं.

मुलीचा धाकटा भाऊ म्हणून लहान मुलाला घेताय? १४ वर्षांखालच्या मुलासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही आणि सलग ३ तासांहून जास्त नाही. मारामारीच्या दिवशी त्याला सेटवर बोलावूच नका. पिंजऱ्यातला पोपट दाखवायची हौस अनेकांना असते. आपला देशी पोपट संरक्षित पक्षी आहे, तो पाळणंच बेकायदा. तो विचार सोडा.

मारामारी बसवणं

पैसे कुठे घालायचे असा प्रश्न आला तर आधी फाइट मास्टर, मग साउंड रेकॉर्डिस्ट, मग जेवण, आणि सगळ्यात शेवटी कॅमेरा. मुंबईत स्टंट कलाकारांची स्वतःची संघटना आहे, त्यामुळे दोन दिवसांच्या तालमीला आणि शूटिंगच्या एका दिवसाला अनुभवी माणूस मिळणं अवघड नाही. ‘मित्राने कराटे शिकलंय’ यावर भागवू नका. कराटे शिकलेल्याला लागेल असं मारायची सवय असते. इथे न लागेल असं मारायचंय.

तालीम फ्लॅटमध्ये करायची गरज नाही. गच्चीवर खडूने किंवा रंगीत टेपने घराचा आराखडा खऱ्या मापात आखा: सोफा, टीपॉय, दार, आत्याची खुर्ची. मग आत्याच्या खुर्चीपासून तिच्या नजरेच्या दोन रेषा आखा, एक ती समोर बघते तेव्हाची, एक मान वळवते तेव्हाची. आता प्रत्येक हालचालीला एकच प्रश्न: हे रेषेच्या आत की बाहेर? आत असेल तर पात्राला त्या क्षणी काहीतरी सभ्य करावं लागेल. मान पकडलेला हात खांद्यावर ठेवल्यासारखा झाला पाहिजे, गुंडाच्या तोंडात कोंबलेला बोळा रुमालाने घाम टिपल्यासारखा दिसला पाहिजे. मारामारी रेषेच्या आत-बाहेर करत राहते, तिथेच विनोद आपोआप तयार होतो.

९० सेकंदांची मारामारी ८ ते १० तुकड्यांत मोडा. एका तुकड्यात ३ ते ५ हालचाली, त्याहून जास्त नको. नवख्या नटाला सहावी हालचाल आठवत नाही आणि आठवण्याच्या नादात तो खरा ठोसा लगावतो. एखादा तुकडा कागदावर असा दिसतो:

तुकडा ४. मुलगा उजव्या हातात पोह्यांची बशी घेऊन स्वयंपाकघराच्या दारात. (१) गुंड मागून गळा धरतो. (२) मुलगा बशी डाव्या हातात घेऊन काकूंकडे, म्हणजे मुलीच्या आईकडे, सरकवतो. (३) कोपर मागे, गुंड वाकतो. (४) आत्या: ‘चिंच-गुळाची आमटी आवडते ना?’ ती वळते. गुंड वाकलेलाच, मुलाचा हात त्याच्या पाठीवर, जणू तो पाया पडतोय. (५) काकू बशी परत मुलाच्या हातात देतात. बशीतला एक पोहासुद्धा सांडलेला नाही.

बशी हा सगळ्या मारामारीचा धागा. ती हातोहात फिरते, पडत नाही. शेवटी पडायचीच असेल तर सगळं शांत झाल्यावर, आत्याच्या हातून.

तालमीचा वेग आधी पाव, मग निम्मा, मग तीन चतुर्थांश. पूर्ण वेग कधीच नको. शूटिंगही तीन चतुर्थांशावरच करा. ठोसा आणि चेहरा यांत किमान एक वीत अंतर. ते लपवण्याचं काम कॅमेऱ्याचं आहे: तो मारणाऱ्याच्या किंवा मार खाणाऱ्याच्या खांद्यामागे हवा, म्हणजे मूठ आणि चेहरा एकामागे एक येतात. बाजूने लावला की अंतर उघडं पडतं, मग नट कितीही कळवळो. ठोसा खरा वाटतो तो मार खाणाऱ्यामुळे. मूठ चेहऱ्यासमोरून जाते त्याच क्षणी मान वळली पाहिजे. आधी वळली तर घाबरल्यासारखं दिसतं, उशिरा वळली तर खोटं.

थांबण्यासाठी एक शब्द ठरवा, जो संवादात कुठेच नाही. ‘थांबा’, ‘अरे’, ‘सोड’ हे सगळे संवादात असतात आणि खरोखर कळवळून ओरडलेलं कुणाला कळत नाही. ‘लाल’ म्हणा. तो शब्द स्पॉट बॉयपासून कुणीही उच्चारला तर सगळे जागच्या जागी थांबतील.

पडण्याची उंची सोफ्याच्या बैठकीएवढी, त्याहून जास्त नाही. कापसाची जुनी गादी मऊ वाटते पण दडपून घट्ट झालेली असते. ६ इंची फोमचे दोन थर घ्या आणि सरकू नयेत म्हणून खाली योगा मॅट. एका तुकड्याचे ५-६ टेक झाले की थांबा. पुढचे टेक चांगले होत नाहीत, माणसं दमतात आणि दमलेल्या हाताचं अंतर चुकतं. प्रथमोपचाराची पेटी दारापाशी, बर्फ फ्रीजमध्ये, आणि १०८ चा फलक भिंतीवर.

पोहे, कपबशी आणि लाटणं

१ किलो जाड पोह्यांत साधारण १२ ते १४ बशा होतात. खाण्याच्या दृश्यांसाठी दिवसाला दीड किलो धरा आणि एकदम न करता दोन-तीन घाण्यांत करा. दिव्यांखाली पोहे अर्ध्या तासात कोरडे पडतात, कोथिंबीर काळवंडते. टेकच्या आधी पाण्याचा हबका, झाकण, आणि ताजी कोथिंबीर-खोबरं वरून. सातत्यासाठी प्रत्येक टेकनंतर बशीचा वरून फोटो काढा. लिंबाची फोड घड्याळातल्या चारच्या जागी होती की सातच्या, हे प्रेक्षक बघतात. नटाला अर्धा चमचाच घ्यायला सांगा आणि शेजारी थुंकायला बादली ठेवा. नाहीतर दहाव्या टेकला पोह्यांकडे बघवत नाही आणि ते चेहऱ्यावर दिसतं.

हातोहात फिरणाऱ्या बशीसाठी वेगळी बशी लागते. पोहे फेविकॉलमध्ये कालवून बशीत लावा, रात्रभर वाळू द्या. ती ४५ अंशांत कलली तरी काही सांडत नाही. बुडाला लाल टेप लावा, म्हणजे कुणी भुकेने हात घालणार नाही. अशा दोन बशा करा. शिवाय फेकायची ताटली: स्टीलची कड कापते, म्हणून फोमशीट गोल कापून वर चंदेरी कागद. तिचा खणखणाट नंतर आवाजात भरायचा.

लाटणं ईव्हीए फोमच्या (रबरासारख्या लवचिक फोमच्या) नळीचं. दोन्ही टोकांना खऱ्या लाटण्यासारखा निमुळता आकार द्या आणि लाकडी रंग मारा. क्लोजअपसाठी खरं, मारण्यासाठी फोमचं, आणि ही दोन एकाच टेबलावर ठेवायची नाहीत. प्रॉपर्टीवाल्याने मारामारीच्या तुकड्याआधी लाटणं स्वतःच्या हातावर आपटून दाखवावं, मग नटाला द्यावं.

फुटणारा काचेचा ग्लास साखरेचा करता येतो. २ कप साखर, १ कप पाणी, पाऊण कपाला थोडं कमी लिक्विड ग्लुकोज. क्रॉफर्ड मार्केटातल्या केकच्या सामानाच्या दुकानांत ते आणि सिलिकॉनचे साचे मिळतात. मंद आचेवर १५० अंश सेल्सिअसपर्यंत न ढवळता न्या. थर्मामीटर नसेल तर एक थेंब थंड पाण्यात टाका; तो कडकन मोडला पाहिजे, वाकला तर अजून वेळ आहे. १६० च्या पुढे गेला की पिवळा पडतो. तेल लावलेल्या साच्यात ओतून पूर्ण निवू द्या. हा पाक भाजतो तसं साधं उकळतं पाणीही भाजत नाही, तेव्हा लांब बाह्या आणि जवळ कुणी गर्दी करू नये.

मुंबईत गोम येते ती दमटपणाची. साखरेची काच हवेतलं पाणी ओढते. उघडी राहिली तर तासा-दोन तासांत चिकट, आणि संध्याकाळपर्यंत वाकडी. म्हणून आदल्या रात्री करून ठेवू नका. त्याच सकाळी करा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात, एसीच्या खोलीत ठेवा आणि डब्यातून काढल्यावर दहा मिनिटांत फोडा. पावसाळ्यात हा नाद नको. तयार रेझिनचे ग्लास घ्या. साखरेची असली तरी फुटल्यावर धार येते. ती चेहऱ्याजवळ फोडायची नाही, आणि पायाखाली आली तर सगळे अनवाणी आहेत हे विसरू नका.

मारामारीतला चहा कोमट, कप एक तृतीयांशच भरलेला. वाफ दिसली नाही तरी चालेल.

कपडे

मुलाचा शर्ट पांढरा नको. हळदीचा डाग साबण लागला की लालसर होतो आणि दुसऱ्या टेकला शर्ट बाद. फिकट पिवळा किंवा क्रीम घ्या, तोही एकसारखे तीन. सोफ्याची खोळही दुहेरी.

होणाऱ्या सासूबाई लढणार असतील, आणि त्यांनी लढावंच, तर काठपदर साडीच्या निऱ्या कंबरेशी टाके घालून शिवून घ्या, आत लेगिंग. सेफ्टी पिना काढून पदराला वेल्क्रो. झटापटीत उघडलेली पिन थेट बरगडीत घुसते. काचेच्या बांगड्या बाहेर, त्यांच्या जागी धातूच्या किंवा प्लास्टिकच्या. खोट्या मंगळसूत्राला मागे चुंबकी फासा, म्हणजे ओढलं तर मान न कापता सुटतं. पदर खोचण्याची हालचाल मात्र नीट बसवा आणि तिला स्वतंत्र शॉट द्या. मराठी प्रेक्षकाला तेवढ्यावर कळतं की आता काही खरं नाही.

कॅमेरा आणि दिवे

मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटन आणि हाँगकाँगचा ॲक्शन नट जॅकी चॅन, दोघांची पद्धत या कामाला लागू पडते: माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसू द्या, कॅमेरा हलवू नका, हालचाल फ्रेममध्ये घडू द्या. कॅमेरा हलवून मारामारी लपवता येते, पण विनोद लपल्यावर हसणार कोण? प्रत्येक तुकड्याचा आधी पूर्ण खोली दिसणारा मास्टर, मग उलट बाजू, मग हात-बशी-पाय यांचे तुटक शॉट. दारापासून सोफ्यापर्यंत काल्पनिक रेषा धरा आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवा. नाहीतर गुंड फ्रेमच्या डावीकडून बाहेर पळतो आणि पुढच्या शॉटला डावीकडूनच आत येतो.

लहान खोलीत फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याला २४ ते २८ मिलिमीटरची लेन्स पुरते. १६ मिलिमीटर लावली की खोली मोठी दिसते, पण कडेचे चेहरे ताणले जातात आणि ठोशाचं अंतरही वाढलेलं दिसतं. जागा कमी पडली तर कॅमेरा गॅलरीत किंवा जिन्यात न्या आणि दारातून आत बघा.

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ. सेकंदाला २५ फ्रेम घेताना शटर १/५० सेकंद, २४ फ्रेमलाही १/५० च ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट आणि स्वस्त एलईडी बल्ब लपलप करतात. मारामारी थोडी चपळ दिसायला हवी तर २२ फ्रेमने घेऊन २४ ने दाखवा. वेग साधारण ९ टक्के वाढतो, शटर तरीही १/५०. याहून कमी फ्रेम घेतल्या तर पडदा, पदर आणि केस चुगली करतात.

दिवे प्रत्येकी २०० ते ३०० वॅटचे तीन एलईडी पुरेत. १६ अँपिअरचा सॉकेट कागदावर साडेतीन किलोवॅट देतो, पण जुन्या इमारतीच्या वायरिंगवर भरवसा ठेवू नका. एका सॉकेटवर दीड किलोवॅटपेक्षा जास्त नको आणि गीझर बंद. दिवा पंख्याच्या वर कधीच लावू नका. पंखा चालू असला की पात्यांची सावली चेहऱ्यावर फिरत राहते.

आवाज

मुंबईत चित्र मिळतं, आवाज मिळवावा लागतो. रुळांजवळच्या फ्लॅटमध्ये गर्दीच्या वेळी दर तीन-चार मिनिटांनी लोकल, पार्ल्याला विमान, आणि सगळीकडे कुणाच्या तरी घरी टाइल फोडणं. सेक्रेटरींना विचारा की इमारतीत काम चालू आहे का आणि ते कोणत्या वेळेत बंद असतं. बहुतेक सोसायट्यांत दुपारी २ ते ४ शांतता पाळतात. संवादाची दृश्यं तेव्हा घ्या. धपाधप पडण्याची दृश्यं सकाळी उशिरा किंवा संध्याकाळी, लोकलच्या गोंगाटात. तो आवाज नंतर टाकूनच द्यायचा असतो.

संवादाच्या टेकला फ्रीज बंद करावा लागतो आणि तो पुन्हा चालू करायचं हमखास राहून जातं. युक्ती जुनी आहे: साउंड रेकॉर्डिस्टने आपल्या गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची. खोलीचा नुसता आवाज ३० सेकंद दर जागी घ्या. एडिटला तो लागतोच. जून ते सप्टेंबरात पावसाळी शेडच्या पत्र्यावरचा पाऊस संवाद गिळतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम.

ठोशांचे आवाज घरीच करता येतात. ओला टॉवेल चामड्याच्या खुर्चीवर, हाडासाठी मुळा किंवा गाजर मोडून, पडण्यासाठी उशी भरलेली सुटकेस. पण इथे पुन्हा आत्या: दार बंद असताना ठोसा दबका, दार उघडताच पूर्ण. आणि प्रत्येक मोठ्या फटक्याला बाहेर काहीतरी कारण द्या, कुकरची शिट्टी किंवा बाजूच्या घरातला खिळा. कुकरच्या शिट्ट्या मोजून तीनच ठेवा. तिसरी झाली की आत्या ‘गॅस बंद करा हो’ म्हणत उठणार, हे प्रेक्षकाला कळतं आणि तो स्वतःच घड्याळ लावून बसतो.

चित्रपटातलं गाणं मागे वाजवायचं असेल तर हक्क घ्यावे लागतात. आरतीचे शब्द जुने असले तरी ध्वनिमुद्रण कुणाचं तरी असतं. तुमची तुम्ही म्हणून घ्या.

तीन दिवस कसे लावाल

पहिला दिवस फक्त बोलणं: पहिली अडीच मिनिटं आणि शेवट. यात नट घराला सरावतात आणि घर अजून स्वच्छ असतं. दुसरा दिवस मारामारीचा. दिवसभरात १५ ते २० सेटअप (कॅमेरा-दिव्यांच्या मांडण्या) होतात, जास्तीची आशा धरू नका. सगळ्यात अवघड तुकडा जेवणाआधी. रात्री १० च्या आत आरडाओरडा संपवा. तिसऱ्या दिवशी सकाळी राहिलेले तुटक शॉट, आणि फुटणं-सांडणं सगळ्यात शेवटी, कारण त्यानंतर घर मूळच्या स्थितीत येत नाही. दुपारनंतर साफसफाई, भिंतीवरचे हळदीचे डाग, काढलेल्या तसबिरी जिथल्या तिथे. त्यासाठी शूटिंगआधी प्रत्येक भिंतीचा फोटो काढून ठेवलेला असावा.

एडिट आणि तपासणी

ठोसा लागल्याच्या फ्रेमवर कापू नका. लागल्यावर दोन फ्रेम राहू द्या आणि पुढच्या शॉटमध्ये तोच ठोसा दोन-तीन फ्रेम मागून पुन्हा सुरू करा. डोळ्याला पुनरावृत्ती कळत नाही, वजन कळतं. विनोदाचं उलट: आत्या वळते तो शॉट तुम्हाला पुरेसा वाटतो त्याहून अर्धा सेकंद जास्त धरा.

पहिला कट आवाज बंद करून बघा. कोण कुठे आहे आणि आत्या कुठे बघतेय हे मुक्यानेच कळलं पाहिजे; नाही कळलं तर मास्टरकडे परत जा. मग चित्रपट आत्याच्या वयाच्या चार-पाच जणांना दाखवा आणि तुम्ही पडद्याकडे न बघता त्यांच्याकडे बघा. हसले कुठे ते वेळेसकट टिपा, पण त्याहून महत्त्वाचं, ‘हा कुठून आला?’ असं शेजारच्याला कुठे विचारलं ते टिपा. तिथे एक शॉट कमी आहे. आणि ‘पोरगा सांडत नाही हो काही’ असं कुणी म्हणालं, तर बशीचे सगळे शॉट आहेत तसेच ठेवा.

यूट्यूबवर टाकायला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत नाही. थिएटरात तिकीट लावून दाखवायचा असेल तर लागतं, आणि २०२४ पासून यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या) वर्गाचे ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झालेत. लाटण्याने मारलेल्या गुंडाच्या कपाळावर टेंगूळ दाखवायचं की रक्त, हे ठरवताना एवढं लक्षात असू द्या.